उत्तरजुळव्या

उत्तरजुळव्या म्हणजे पेपर देऊन बाहेर पडल्याबरोबर आपले उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला लावून पाहणारा विद्यार्थी. तो सर्व विषयांत आढळतो, पण सगळीकडे सारखा फोफावत नाही. मराठीच्या पेपरानंतर त्याला काम नसते, कारण निबंध कोणाला किती आला असे विचारता येत नाही. गणितानंतर तो बरा वाढतो. मात्र गणितातले उत्तर पुष्कळदा सुबक असते. शेवटी भलताच अपूर्णांक निघाला की काहीतरी बिनसल्याची शंका बाकावरच येते. रसायनशास्त्रात ही सोय नाही. तिथे बरोबर उत्तर ओबडधोबड असते आणि चुकलेलेही तितकेच ओबडधोबड असते. ६१.६ आणि ३४.३ यांच्या तोंडाकडे पाहून त्यातले सज्जन कोण आणि तोतया कोण हे सांगता येत नाही. म्हणून रसायनशास्त्राचा अवघड पेपर हा उत्तरजुळव्याचा खरा हंगाम होय.

महाराष्ट्रात हा हंगाम फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येतो. बारावीच्या बोर्डाचा रसायनशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो, उरलेले ३० प्रात्यक्षिकाचे. गणिती उदाहरणे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत न्यूमेरिकल्स, मुख्यतः घन अवस्था, द्रावणे, आयनिक समतोल, ऊष्मागतिकी, विद्युत रसायन आणि रासायनिक गतिकी या धड्यांतून येतात. कॅल्क्युलेटरला परीक्षा दालनात बंदी आहे, लॉगटेबल चालते. जॉन नेपियरने लॉगरिदम १६१४ मध्ये प्रसिद्ध केले, हेन्री ब्रिग्जने त्यांना दहाचा पाया दिला, आणि खगोलशास्त्रज्ञांचे गुणाकाराचे कष्ट वाचले. ते कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून चारशे वर्षांनी ते बारावीच्या मुलांना देण्यात आले. लॉगटेबलात ओळ चुकते, अँटिलॉगऐवजी पुन्हा लॉगच पाहिला जातो, उणे पूर्णांशावरची आडवी रेघ, म्हणजे 'बार', पुढच्या पायरीत गळून पडते. उत्तरजुळव्याच्या उपजीविकेचे साधन ते हेच.

त्याचे वसतिस्थान म्हणजे परीक्षा केंद्राचे फाटक आणि त्याच्या आसपासचा परिसर: वडापावची गाडी, झेरॉक्सचे दुकान, लिंबाचे झाड आणि रसवंती. अकराला सुरू झालेला पेपर वाढीव दहा मिनिटे धरून दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. पुरवण्या दोऱ्याने बांधून सुपरवायझरच्या हाती पडतात. दोन अकराला जिन्यावरच पहिला प्रश्न कानी येतो. पुण्यात तो 'किती आलं रे?' असा असतो, कोल्हापुरात 'किती आलं भावा?', नागपुरात 'किती आलं बे?' आणि सिंधुदुर्गात 'तुझा किती इला?' कुठल्या उदाहरणाचे, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. प्रत्येक पेपरात एक उदाहरण असे असते की त्याचा नामोल्लेख करावा लागत नाही.

उत्तरजुळव्याची हत्यारे थोडी असतात. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहू नये अशी सूचना असते. त्यामुळे तो उत्तरे प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, इतक्या फिकट पेन्सिलीने लिहितो की भरारी पथकालाच नव्हे, त्यालाही ती नंतर वाचता येत नाहीत. मग तो कागद उन्हाकडे धरून तिरपा करतो, आणि ३ आहे की ८ यावर पहिला वाद स्वतःशीच घालतो. उरलेली उत्तरे तो पाठ करून आणतो. ज्याला आवर्तसारणीतला सतरावा गण वर्षभर पाठ झाला नाही, त्याला सात उत्तरे दशांश चिन्हांसकट तोंडपाठ असतात.

अभ्यासासाठी पाठ्यपुस्तकी वळणाचे एक उदाहरण घ्यावे. एक अभिक्रिया प्रथम कोटीची आहे. १५ मिनिटांत ती २० टक्के पूर्ण होते. ६० टक्के पूर्ण होण्यास किती वेळ लागेल? रीत अशी: आधी वेग स्थिरांक काढायचा. २० टक्के संपले म्हणजे ८० उरले. १०० भागिले ८० चा लॉग ०.०९६९. त्याला २.३०३ ने गुणून १५ ने भागले की स्थिरांक येतो दर मिनिटाला ०.०१४८८. मग ६० टक्के संपले म्हणजे ४० उरले. १०० भागिले ४० चा लॉग ०.३९७९. त्यावरून वेळ निघतो ६१.६ मिनिटे.

हे साडेचार ओळींचे गणित फाटकाबाहेर चार उत्तरे घेऊन येते, आणि प्रत्येक उत्तरामागे एक स्वभाव असतो.

पहिले उत्तर ६१.६. ते काढणारा विद्यार्थी नीटनेटका असतो. तो प्रश्न दोनदा वाचतो, 'दिलेले आहे' आणि 'काढायचे आहे' अशा दोन याद्या करतो आणि उत्तराभोवती पट्टीने चौकट आखतो. फाटकाबाहेर या गुणांचा त्याला काही उपयोग होत नाही.

दुसरे उत्तर ३४.३. हा विद्यार्थी पहिल्या पायरीत 'संपले' आणि 'उरले' यांत नीट फरक करतो, स्थिरांक अचूक काढतो, आणि त्या आनंदात दुसऱ्या पायरीत ४० च्या जागी ६० घालतो. हा घाईचा स्वभाव होय. तो भाजी आणायला जातो तेव्हाही यादीतली पहिली वस्तू बरोबर आणतो.

तिसरे उत्तर ८.५. इथे चूक पहिल्याच पायरीत झालेली असते: २० टक्के उरले असे धरलेले, पुढे सगळे बरोबर. निष्कर्ष असा निघतो की जी अभिक्रिया २० टक्के व्हायला १५ मिनिटे घेते, ती ६० टक्के व्हायला साडेआठ घेते. म्हणजे ती आधी साठ टक्क्यांवर जाऊन मग वीसवर परत येते. ८.५ वाल्याला हे खटकत नाही, कारण त्याचा विश्वास सूत्रावर असतो. दहाचा उणे आठवा घात एवढ्या संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच हाच गृहस्थ ८ लिहितो आणि आम्ल आम्लारी झाल्याबद्दल त्याची तक्रार नसते. तिथे पाण्यातले हायड्रोजन आयनही धरायचे असतात आणि उत्तर ६.९८ येते, पण पाण्याचे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चौथे उत्तर ४५. हे त्रैराशिकाचे उत्तर. वीसला पंधरा, तर साठला पंचेचाळीस. लॉगटेबल उघडण्याचीही गरज नाही. प्रथम कोटीच्या अभिक्रियेत पदार्थ जसजसा संपतो तसतसा वेग मंदावतो, ही बारीक गोष्ट ४५ वाल्याच्या हिशेबात नसते. हे उत्तर काढणारा मुलगा पुढे व्यवहारात उत्तम चालतो. बारा जणांच्या उसाच्या रसाचे पैसे वाटून घेताना सगळे त्याच्याकडेच पाहतात.

जुळवाजुळवीची पहिली फेरी जिन्यावर होते आणि तिचा उद्देश माहिती गोळा करणे हा असतो असे वरवर वाटते. निरीक्षणाअंती वेगळेच दिसते. उत्तरजुळव्या उत्तर शोधत नसतो, सोबत शोधत असतो. 'माझं ३४.३ आलं' असे म्हणताच समोरून 'माझं पण!' आले की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते उत्तर बरोबर असल्याचे नसते. पडलोच तर एकटे पडणार नाही, याचे असते. अशा दोघांनी एकमेकांना टाळी दिली की तिथे ३४.३ चा पक्ष स्थापन होतो.

दुसरी फेरी रसवंतीवर होते. घुंगरांच्या तालावर चरक फिरत असतो आणि इकडे मतमोजणी सुरू होते. घाईचा स्वभाव हा समाजात नेहमीच बहुसंख्य असल्यामुळे ३४.३ ला सात मते पडतात, ४५ ला दोन, ६१.६ ला दोन आणि ८.५ ला एक. लोकशाहीत निकाल इथेच लागतो. ६१.६ वाल्यांपैकी एक जण आधी 'अरे पण उरलेलं घ्यायचं असतं ना?' असा क्षीण प्रयत्न करतो. सातांपैकी एक जण 'सरांनी सेम असंच सोडवलं होतं' असे म्हणतो. कुठल्या सरांनी, कधी, हे विचारण्याची पद्धत नाही. ६१.६ वाला ग्लासातला बर्फ हलवत विचार करू लागतो, आणि रस संपेपर्यंत त्याला आपण ६० घातले होते की ४० हेही आठवेनासे होते. घरी जाताना तो तीन गुण गेले असे समजून जातो. बरोबर उत्तर लिहून दुःखी होणारा विद्यार्थी फक्त याच ठिकाणी पाहायला मिळतो.

खरे तर हा वाद दहा सेकंदांत मिटण्यासारखा असतो. वेग स्थिरांक ०.०१४८८ याबद्दल बहुतेकांचे एकमत असते. ०.६९३ ला त्याने भागले की अर्धायुकाल येतो सुमारे ४६.६ मिनिटे. म्हणजे निम्मा पदार्थ संपायलाच ४६.६ मिनिटे लागतात. मग ६० टक्के संपायला ३४ किंवा ४५ मिनिटे कशी पुरतील? ही तपासणी पाठ्यपुस्तकाबाहेरची नाही, तिला लॉगटेबल लागत नाही आणि ती सर्वांना येते. पण ती कोणी करत नाही, कारण केली तर गप्पा संपतील आणि दोन दिवसांवर आलेल्या गणिताच्या अभ्यासाला घरी जावे लागेल.

उत्तरजुळव्याभोवती काही उपजाती वावरतात. त्यांतली पहिली दशांशवाल्याची. त्याचे उत्तर ६१.५ आलेले असते आणि दुसऱ्याचे ६१.६ ऐकून त्याचा घास अडकतो. वास्तविक स्थिरांक ०.०१४९ असा घेतला तर ६१.५ येते, ०.०१४८८ घेतला तर ६१.६, आणि कोणी ०.०१५ असा ढोबळ घेतला तर ६१.१. कोण कुठे थांबला एवढाच हा फरक असतो आणि तपासनीस तो समजून घेतात. दशांशवाला समजून घेत नाही. त्याच्या शेजारी ८.५ वाला निवांतपणे वडापाव खात असतो.

दुसरी उपजात एकक विसरणाऱ्याची. संपूर्ण उत्तर बरोबर जुळल्यावर कोणीतरी 'युनिट लिहिलंस ना?' असे विचारतो आणि त्याचा चेहरा उतरतो. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये दिलेली असते, आणि हजाराने भागायचे राहून जाते. घन अवस्थेच्या धड्यात तर एककांचा खेळ अधिक रंगतो. चांदीच्या एकक कोष्ठिकेची बाजू सुमारे ४०८.६ पिकोमीटर. त्याचे सेंटिमीटर करताना दहाचा उणे दहावा घात येतो आणि घन केल्यावर तो उणे तिसावा होतो. घाताचा घन करायचा विसरला की चांदी हवेपेक्षा हलकी होऊन तरंगू लागते. कोष्ठिकेत चारऐवजी दोन अणू धरले की घनता १०.५ च्या निम्मी येते. सराफ कट्ट्यावर अशी चांदी कोणी हातात धरली नसती; उत्तरपत्रिकेत मात्र ती चौकटीत दिमाखाने बसते.

तिसरी उपजात हुशार रडव्याची. 'पेपर कसा गेला?' या प्रश्नाला त्याचे उत्तर 'अरे, वाट लागली' हे असते, आणि वाट लागली म्हणजे एक गुणाच्या एका प्रश्नात शंका आहे. तो उत्तरे सांगत नाही, फक्त विचारतो. समोरच्याचे ऐकून 'हो का?' एवढेच म्हणतो. हे 'हो का' ऐकले की अनुभवी उत्तरजुळव्या आपले उत्तर चुकले असे समजतो, आणि बहुधा ते खरे असते.

चौथी उपजात 'ऑप्शनला टाकलं' म्हणणाऱ्याची. पेपरात दोन गुणांच्या बारा प्रश्नांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या पाचांपैकी तीन सोडवायचे असतात. हा मनुष्य सगळी गणिते विकल्पात टाकून व्याख्या, कारणे आणि नामनिर्देशित अभिक्रिया लिहून आलेला असतो. फाटकाबाहेर तो एकटाच शांत असतो. बाकीचे त्याच्याकडे आधी दयेने, आणि पंधरा मिनिटांनी हेव्याने पाहतात. त्याला रस पुरा ग्लास लागतो, बाकीच्यांना अर्धा.

फाटकाच्या बाहेर, स्कूटरला टेकून उभे असलेले पालक हीही या परिसंस्थेचाच भाग आहेत. आई 'आधी पाणी पी' म्हणते. वडील 'किती सुटले?' असे विचारतात. वडील स्वतः विज्ञान शाखेचे असतील तर प्रश्नपत्रिका हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, 'हे तर सोपं होतं' असे म्हणतात. हे वाक्य बोलण्यासाठी उदाहरण सोडवावे लागत नाही. मग शेजारच्या मुलीच्या वडिलांशी त्यांची स्वतंत्र जुळवाजुळव सुरू होते. तिथे उत्तरे नसतात, अपेक्षित टक्के असतात, आणि त्यांना कुठलेच सूत्र लागत नाही.

अंतिम निवाडा संध्याकाळी येतो. क्लासचे सर पेपर सोडवून त्याचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. सरांचे अक्षर लावता येईपर्यंत ग्रुप शांत असतो. ६१.६ असे स्पष्ट झाल्यावर दुपारच्या सात मतांचा पक्ष पाच मिनिटांत विसर्जित होतो. 'मी आधी तेच लिहिलं होतं, मग खोडलं' असे सांगणारे तिघे निघतात. 'सरांनी सेम असंच सोडवलं होतं' म्हणणारा ग्रुपवर दिसेनासा होतो. आणि ज्याने रसवंतीवर आपले बरोबर उत्तर गमावले होते, तो रात्री साडेनऊला ते परत मिळाल्याच्या आनंदात गणिताचे पुस्तक न उघडता झोपतो.

३४.३ वाल्यांचे यानंतरचे सांत्वन 'स्टेप्सचे मार्क मिळतील' या वाक्याने होते. हे सांत्वन निराधार नाही. बोर्डाच्या तपासणीत सूत्राला, किमती घालण्याला आणि एककासह उत्तराला वेगवेगळे गुण असतात. ज्याने स्थिरांक बरोबर काढला आणि पुढे घसरला, त्याची पाटी कोरी राहत नाही. दुपारभर ज्या आकड्यावरून मैत्री पणाला लागली, त्या आकड्याचा वाटा तीन गुणांतला एक छोटा तुकडा असतो. हे उत्तरजुळव्याला आधीही ठाऊक असते. पण 'तुझ्या स्टेप्स किती आल्या?' हा प्रश्न काही रंगत नाही.

पायऱ्यांच्या गुणांचा हा आधार एप्रिल-मे मध्ये सुटतो. सीईटीत रसायनशास्त्राचे ५० प्रश्न पर्यायी असतात; पायऱ्या कोणी पाहत नाही. शिवाय तिथले पर्याय काढणारा उत्तरजुळव्याला चांगला ओळखून असतो. त्याच वळणाचे उदाहरण तो घालतो आणि खाली ६१.६, ३४.३, ८.५ आणि ४५ हेच चार आकडे ठेवतो. चुकलेल्याला आपले उत्तर पर्यायांत सापडते, म्हणून ते बरोबर वाटते, आणि तो निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतो. रसवंतीवरची सात मते इथे एकेकट्याने पडतात.

देशपातळीवर या वृत्तीला सरकारमान्यता मिळालेली आहे. जेईई मेनची तात्पुरती उत्तरतालिका जाहीर होते, आणि एखादे उत्तर मान्य नसेल तर दर प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. फाटकाबाहेर फुकट होणारे काम तिथे पैसे मोजून होते. एवढाच फरक की तिथे 'माझं पण!' म्हणून भागत नाही, पुरावा जोडावा लागतो. त्यामुळे या सेवेकडे वळणारे उत्तरजुळवे संख्येने मर्यादित राहतात.

बोर्डाच्या परीक्षेत निकालानंतर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा सोयी आहेत. छायाप्रत हाती आली की तीन महिन्यांपूर्वीच्या वादाचा अस्सल पुरावा प्रथमच समोर येतो. ज्याला ६१.६ लिहिल्याची खात्री होती त्याच्या कागदावर ६.१६ निघते. ज्याने एकक विसरलो म्हणून डोळ्यांत पाणी आणले होते, त्याने ते दोनदा लिहिलेले असते. पण बहुसंख्य विद्यार्थी छायाप्रत मागवत नाहीत. तोवर प्रवेशाच्या याद्या लागू लागतात, आणि 'किती आलं?' हाच प्रश्न टक्के, पर्सेंटाइल आणि कटऑफ यांबद्दल विचारला जाऊ लागतो.

गुणपत्रिकेत रसायनशास्त्रासमोर शंभरापैकी एकच आकडा छापलेला असतो. त्यात ६१.६ कुठे दिसत नाही आणि ३४.३ ही दिसत नाही.